जबानी मेहकरची, वाचन नागपूरचे

पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकरला न्यायनिवाडा नवा नाही. अकबराच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करताना अबुल फझलाने वऱ्हाड सुभ्यातील जी सरकारे मोजली आहेत त्यांत मेहकर हे एक सरकार होते. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडण्यात आला, १९३६ साली नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ बसू लागले, आणि या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट स्थिर होत गेली, ती ही की मेहकरच्या फौजदारी खटल्याचा फेरविचार नागपुरात व्हावयाचा. गावात अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, त्यापुढे शिक्षा झालेल्या माणसाचे अपील सुमारे पावणेतीनशे किलोमीटर दूर नागपूरला जाते, आणि अलीकडे समृद्धी महामार्गाने ती वाट सुकर केली असली तरी दप्तराची गती दप्तराचीच आहे. या लेखाचा विषय तो प्रवास आहे, आणि त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या खटल्यांचा: ज्यांत अत्याचार बालकावर झालेला असतो आणि मुख्य साक्षीदारही तेच बालक असते.

मेहकरच्या कोणत्याही प्रत्यक्ष खटल्याचे वर्णन या लेखात वाचकाला सापडणार नाही, आणि ते हेतुपुरस्सर टाळले आहे. पीडित बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने तर असे बजावले की नावच काय, ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता कामा नये. महानगरात वस्तीचे नाव सांगितल्याने काही बिघडत नसेल. परंतु जेथे गावचे नाव, जात आणि बापाचा धंदा एवढे सांगितले की चावडीवरचा कोणीही माणूस उरलेले वाक्य पूर्ण करू शकतो, तेथे लेखकाने मौन पाळणे हाच कायद्याचा खरा अर्थ होय. म्हणून ज्या प्रकरणांची चर्चा विधिग्रंथांत आणि विधिमंडळांत होऊन गेली आहे तीच येथे घेतली आहेत, आणि त्यांतही कोणत्याही मुलीचे अथवा मुलाचे नाव लिहिलेले नाही.

प्रथम अपील म्हणजे काय ते पाहू. शिक्षा झालेल्या आरोपीला वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ ने दिला होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तोच हक्क कलम ४१५ मध्ये आहे. उच्च न्यायालयाकडे शिक्षेविरुद्ध अपील करण्याची मुदत सामान्यतः ६० दिवसांची. वकील करण्याची ऐपत नसलेल्या कैद्याने कारागृहाच्या अधिकाऱ्यामार्फत पाठविलेला अर्जही अपील म्हणून दाखल होतो. या अपिलात संपूर्ण पुरावा नव्याने तोलण्याचा अधिकार न्यायाधीशांना असतो. ते शिक्षा कायम करू शकतात, कमी करू शकतात, गुन्ह्याचे कलम बदलू शकतात अथवा आरोपीला निर्दोष सोडू शकतात. मात्र एक गोष्ट ते सहसा करीत नाहीत: साक्षीदाराला पुन्हा बोलावीत नाहीत. बालकाच्या बाबतीत तर तसे करू नये अशीच कायद्याची इच्छा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, ज्याला पोलिसांपासून पक्षकारांपर्यंत सारे ‘पॉक्सो’ म्हणतात, असे ठरविले आहे की बालकाची साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत घ्यावी, सुनावणी बंद दाराआड व्हावी, आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, आणि त्याला वारंवार न्यायालयात बोलावू नये.

ही व्यवस्था दयाबुद्धीची आहे आणि योग्यही आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की जे बालक मेहकरच्या न्यायाधीशांसमोर पडद्याआड उभे राहून, आईच्या पदराचे टोक मुठीत धरून, थांबत थांबत बोलले, ते नागपूरच्या न्यायमूर्तींपुढे कधीच येत नाही. येतात ती त्याच्या बोलण्याची पाने. फिर्याद, दंडाधिकाऱ्यापुढील जबाब, वैद्यकीय तपासणीचा दाखला, घटनास्थळाचा पंचनामा, वयाचा उतारा, साक्ष आणि उलटतपासणी, आरोपीचा जबाब, आणि शेवटी निकालपत्र: या साऱ्यांचा जो गठ्ठा छापून अथवा टंकलिखित होऊन बांधला जातो त्याला वकील मंडळी ‘पेपर बुक’ म्हणतात, आणि अपिलात जे काही जिवंत असते ते या पेपर बुकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाने आपला अभिप्राय नोंदवावा अशी तरतूद जुन्या संहितेच्या कलम २८० मध्ये होती आणि नव्या संहितेतही आहे. पण ज्या न्यायाधीशापुढे दिवसाला डझनावारी प्रकरणे असतात तो अशी टीप क्वचितच लिहितो. प्रश्न विचारल्यावर मूल रडले की नुसते खाली पाहात राहिले, ही गोष्ट जर कोणी लिहिली नसेल, तर अपिलाच्या दृष्टीने ती घडलीच नाही. अशा खटल्यांतील अपिलाचे भवितव्य वरच्या न्यायालयाच्या विद्वत्तेपेक्षा खालच्या न्यायालयातील नोंदीवर, आणि त्याहूनही मागे जाऊन ठाण्यातील व शाळेतील नोंदीवर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे; पुढील प्रकरणे त्या मताची कसोटी म्हणून घेतली आहेत.

या विषयातील आद्य निकालपत्र नागपूरच्याच एका माणसाच्या हातचे आहे, याचा अभिमान वऱ्हाड-नागपूरकरांनी बाळगावयास हरकत नाही. सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू व्हिव्हियन बोस हे १९४९ ते १९५१ या काळात नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि तेथून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. स्काउट चळवळीत मनापासून रमणारा हा न्यायाधीश मुलांना चांगला ओळखत असला पाहिजे. त्यांच्यापुढे रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य हे अपील आले, ते आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचे. खालच्या न्यायाधीशाने तिला शपथ दिली नव्हती आणि खरे बोलण्याचे कर्तव्य ती जाणते अशी नोंदही केली नव्हती. पहिल्या अपिलात सत्र न्यायाधीशांनी एक विलक्षण भूमिका घेतली: आरोपीने गुन्हा केला याविषयी आपली नैतिक खात्री पटली आहे, पण कायद्याला पूरक पुरावा हवा आणि तो नाही, म्हणून सुटका. उच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली आणि प्रकरण दिल्लीस पोचले. २० डिसेंबर १९५१ च्या निकालात बोस यांनी सांगितले की शपथ न दिल्याने साक्ष बाद होत नाही, फार तर तिचे वजन तपासावे लागते. पूरक पुरावा मागणे हा शहाणपणाचा नियम आहे, न्यायाधीशाने तो मनात वागवावा, पण तो कायद्याचा अडसर नव्हे. आणि घटनेनंतर काही तासांतच मुलीने आईला जे सांगितले ते सांगणे हाही पूरक पुरावाच होय. त्यांनी खालच्या न्यायाधीशांना एक सूचनाही केली: हे मूल खरे बोलण्याचे कर्तव्य जाणते असे आपल्याला का वाटते ते कागदावर लिहून ठेवा. सत्तर वर्षे उलटून गेली. आजही अपिलात बचावपक्षाचा पहिला हल्ला याच जागी होतो, कारण दोन-तीन ठराविक प्रश्न विचारून ‘साक्षीदार समजदार आहे’ असा शेरा मारण्याची सवय अद्याप पूर्णपणे गेलेली नाही.

दुसरे प्रकरण देसाईगंजचे. त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या या गावच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती आणि आरोपी होते त्याच ठाण्यातील दोन पोलीस. दुसऱ्या दिवशी सायंकाळी डॉक्टरांनी तिला तपासले आणि तिचे वय चौदा ते सोळा वर्षे असावे असा अंदाज लिहिला. अंगावर जखमा नव्हत्या. एवढाच काय तो वैद्यकीय कागद. पण तीन न्यायालयांनी तो तीन प्रकारे वाचला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले की मुलगी सोळा वर्षांखालची असल्याचे समाधानकारकपणे सिद्ध झालेले नाही, आणि जे झाले ते संमतीने झाले. नागपूरच्या पीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी ही सुटका फिरविली. ठाण्यात, रात्री, दोन अनोळखी वर्दीधारी पुरुषांपुढे एका गरीब पोरीने प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, निरुपाय आणि संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे सांगून एका पोलिसाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांनाही सोडले, आणि त्याचे एक प्रमुख कारण होते तिच्या अंगावर जखमांचा अभाव.

या निकालाने देशात जो क्षोभ उसळला त्याचा इतिहास सुपरिचित आहे. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला, पोलीस कोठडीतील अत्याचारासारख्या प्रकरणांत पीडितेने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे असे कलम पुरावा कायद्यात आले, आणि पीडितेचे नाव छापण्यावर बंदी आली. परंतु या सर्व चर्चेत संमतीचा मुद्दा इतका प्रखर झाला की दुसरा, अधिक साधा मुद्दा त्याच्या उजेडात दिसेनासा झाला. त्या काळी संमतिवय सोळा होते. मुलगी सोळा वर्षांखालची आहे हे कागदोपत्री सिद्ध झाले असते, तर संमतीचा प्रश्नच उद्भवला नसता. जखमा होत्या की नव्हत्या हे विचारण्याचे कारणच उरले नसते. ज्या पोरीच्या जन्माची नोंद कोणी केली नव्हती तिच्या वयाचा ‘चौदा ते सोळा’ हा अंदाज तिच्या कामी आला नाही, आणि एका न झालेल्या नोंदीची किंमत तिने तीन न्यायालयांत मोजली.

वयाच्या या रेषेचा इतिहासही आपल्या प्रांताला परका नाही. १८६० च्या दंडसंहितेत ती दहा वर्षांवर होती. १८९१ मध्ये ती बारावर नेताना पुण्यात टिळक आणि सुधारक यांच्यात जे रण माजले ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढची लढाई मात्र वऱ्हाड-नागपूरकरांनी पुढे नेली याची आठवण फारशी राहिलेली नाही. नागपूरचे वकील हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात हे वय वाढविण्याचा प्रयत्न केला आणि १९२५ मध्ये ते चौदावर आले. आणि १९२८ मध्ये या प्रश्नाचा सांगोपांग विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. देशभर साक्षी घेऊन या समितीने १९२९ मध्ये जो अहवाल दिला त्याचा ठळक परिणाम म्हणजे बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा. पण विवाहबाह्य संबंधांत संमतिवय अठरा असावे अशी शिफारसही त्यात होती. १९४९ मध्ये ते सोळा झाले. अठरा होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. अमरावतीच्या मोरोपंतांची शिफारस मान्य व्हावयास ८३ वर्षे लागली!

आता ज्या निकालाने नागपूरच्या पीठाचे नाव अलीकडे साऱ्या देशात झाले त्याकडे वळू. नागपूरच्या गिट्टीखदान ठाण्याच्या हद्दीत डिसेंबर २०१६ मध्ये एका इसमाने बारा वर्षांच्या मुलीला फळ देण्याच्या निमित्ताने घरात नेले, तिच्या छातीला हात लावला आणि कपडे काढण्याचा प्रयत्न केला. शोध घेत आलेल्या आईला ती त्या घरात सापडली. नागपूरच्या सत्र न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी आरोपीला पॉक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षांची सक्तमजुरी दिली, जी त्या कलमाची किमान शिक्षा आहे. अपील न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्यापुढे आले, आणि १९ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी घटना खरी मानूनही पॉक्सोची शिक्षा रद्द केली. कलम ७ मध्ये बालकाच्या विशिष्ट अवयवांना लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, आणि त्याशिवाय लैंगिक हेतूने केलेले शारीरिक संपर्काचे अन्य कृत्य, अशी व्याख्या आहे. शारीरिक संपर्क म्हणजे त्वचेचा त्वचेशी संपर्क, असा अर्थ त्यांनी लावला; आरोपीने मुलीचा सदरा काढला होता काय, अथवा हात सदऱ्याच्या आत घातला होता काय, याचा तपशील पुराव्यात नाही, आणि शिक्षा कठोर असल्यामुळे पुरावाही तितकाच काटेकोर हवा, म्हणून हा गुन्हा पॉक्सोचा नसून दंडसंहितेच्या कलम ३५४ चा, विनयभंगाचा; शिक्षा एक वर्ष.

या निकालावर पुष्कळ टीका झाली, आणि ती बहुतांशी ‘त्वचा’ या एका शब्दावर झाली. मला त्यातील दुसरा शब्द अधिक अस्वस्थ करतो, तो म्हणजे ‘तपशील’. सदरा काढला होता की नव्हता हे पुराव्यात का नाही? कारण साक्षीच्या वेळी ते कोणी विचारले नाही. आणि विचारले नाही याचे कारण असे की सरकारी वकिलाला अथवा खालच्या न्यायाधीशाला हा भेद कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटण्याचे काही प्रयोजनच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे मौन पेपर बुकात शिरले आणि अपिलात त्या मौनाची किंमत दोन वर्षे ठरली.

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. २७ जानेवारी रोजी ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी हा विषय सर्वोच्च न्यायालयात मांडला आणि तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, जे स्वतः नागपूरचे, यांच्या पीठाने निकालाला स्थगिती दिली. फौजदारी निकालाविरुद्ध ॲटर्नी जनरलांनी स्वतः अपील करावे याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. त्यांचा युक्तिवाद एका वाक्यात मावतो: हा अर्थ स्वीकारला तर शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून अत्याचार करणारा माणूस निर्दोष ठरेल. सुनावणीचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे; राष्ट्रीय महिला आयोगाच्या बाजूने गीता लुथरा उभ्या होत्या आणि आरोपीसाठी, विधी सेवा समितीतर्फे, त्यांचे बंधू सिद्धार्थ लुथरा. संदिग्ध दंडविधानाचा लाभ आरोपीला मिळावा हे बंधूंचे म्हणणे पोकळ नव्हते. तो फौजदारी न्यायाचा जुना आणि सन्मान्य नियम आहे. परंतु १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित, रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांनी सांगितले की हा नियम संदिग्धता असेल तेथे लागतो. जेथे कायदेमंडळाचा हेतू स्वच्छ आहे तेथे न्यायालयाने संदिग्धता निर्माण करू नये. गुन्ह्याचा गाभा लैंगिक हेतू हा आहे, कापडाची जाडी नव्हे. तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम झाली. याच निकालात गडचिरोलीच्या पाच वर्षांच्या मुलीचेही प्रकरण होते, ज्यात विशेष न्यायालयाची पाच वर्षांची शिक्षा त्याच न्यायमूर्तींनी १५ जानेवारी २०२१ रोजी भोगलेल्या काही महिन्यांवर आणली होती. तीही पूर्ववत झाली. गनेडीवाला यांना कायम न्यायमूर्ती करण्याची शिफारस मागे घेण्यात आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निकाल चुकला तर तो वरच्या न्यायालयाने दुरुस्त करावा हे युक्तच. न्यायाधीशाच्या पदावर त्याचा परिणाम व्हावा की नाही हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि ज्यांना तो सोपा वाटतो त्यांनी उद्याच्या न्यायाधीशाने लोकक्षोभाला भिऊन निकाल दिला तर काय होईल याचाही विचार करावा.

मुंबईच्या ‘अँकरेज’ आश्रयगृहाचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यातील बालके मुलगे होते आणि ही बाजू आपल्याकडे सहसा बोलली जात नाही. रस्त्यावरच्या मुलांसाठी चालविलेल्या या संस्थेतील अत्याचारांविषयी २००१ मध्ये तक्रार झाली. संस्थापक डंकन ग्रँट आणि त्याचा सहकारी ॲलन वॉटर्स हे दोघे ब्रिटिश नागरिक, तिसरा आरोपी संस्थेचा व्यवस्थापक. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले, आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षींवर विश्वास ठेवून शिक्षा पुन्हा कायम केली. पॉक्सो तेव्हा नव्हता. मुलांवरील अत्याचारासाठी अनैसर्गिक संभोगाचे कलम ३७७ शोधावे लागले होते. तक्रारीपासून अखेरच्या शब्दापर्यंत दहा वर्षे गेली, म्हणजे तक्रार करताना जी मुले होती ती निकालाच्या वेळी मुले राहिली नव्हती.

एवढ्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की शिक्षा कायम करणारे अपील ते चांगले आणि सोडून देणारे ते वाईट. अपिलाची व्यवस्था मुळातच खालच्या न्यायालयाच्या चुकीवर उपाय म्हणून आहे, आणि चूक दोन्ही दिशांनी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सोळा वर्षांखालील बालकावरील बलात्काराला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे, आणि पॉक्सोच्या कलम २९ ने गुन्ह्याचे गृहीतक आरोपीच्या विरुद्ध ठेवले आहे. मूळ घटना सरकारपक्षाने आधी सिद्ध केली पाहिजे हे उच्च न्यायालये वारंवार सांगतात ते यामुळेच. शिवाय ठाण्यांत येणाऱ्या फिर्यादींचा एक मोठा वर्ग असा असतो की जेथे सतरा वर्षांची मुलगी आणि एकवीस वर्षांचा मुलगा घरच्यांच्या संमतीवाचून निघून गेलेले असतात, आणि फिर्याद असते बापाची. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी अशाच एका तरुणाची दहा वर्षांची शिक्षा रद्द करताना संमतिवयाविषयी विचार करण्याचे आवाहन संसदेला केले. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात वय अठराखाली आणू नये, पण सोळा ते अठरा या वयोगटात न्यायाधीशाला शिक्षेचा विवेक द्यावा, असे सुचविले. आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणी मुलींना संयमाचे उपदेश करीत आरोपीला सोडले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दोष कायम केला. पण २३ मे २०२५ रोजी, न्यायमूर्ती अभय ओक यांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या कामकाजाच्या दिवशी, दोष कायम ठेवून शिक्षा न देण्याचा निर्णय दिला, कारण ती मुलगी आता त्याची पत्नी व त्याच्या अपत्याची आई होती आणि कायद्यानेच तिचा संसार मोडावा अशी वेळ आली होती. घर, पोलीस आणि न्यायव्यवस्था या तिघांनी त्या मुलीची जी वाताहत केली तिचा विचार ओक यांनी शिक्षेच्या पलीकडे जाऊन केला. असे निकाल क्वचितच होतात.

या साऱ्या प्रकरणांत, दोषी ठरणाऱ्या आणि सुटणाऱ्या, एक कागद पुनःपुन्हा वर येतो, आणि तो वयाचा. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रम ठरवून दिला आहे: प्रथम शाळेचा जन्मदाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी, जिच्यात दोन वर्षांची ओढाताण नेहमीची. आपल्या खटल्यांत बहुधा मुख्याध्यापक साक्षीस येतो आणि दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा हजर करतो. उलटतपासणीत त्याला विचारतात: ही जन्मतारीख तुम्ही कशावरून लिहिली? उत्तर असते, पालकांनी सांगितल्यावरून. आणि पुष्कळदा खरे उत्तर असते, कशावरूनच नाही. महाराष्ट्राच्या शाळांतून १ जून रोजी जन्मलेल्यांची जी अफाट प्रजा आहे ती काही त्या दिवसाच्या नक्षत्राचा प्रताप नव्हे. जूनमध्ये शाळा उघडते, नाव घालावयास सहा वर्षे पूर्ण लागतात, आणि गुरुजींची लेखणी हिशेब जुळविते. १८ जुलै २०२३ रोजी युवप्रकाश प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश रजिस्टराचा उतारा म्हणजे कलम ९४ ला अभिप्रेत असलेला जन्मदाखला नव्हे. वैद्यकीय चाचणीत मुलीचे वय अठरापेक्षा अधिक दिसत होते, आणि आरोपी सुटला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रवींद्र भट, म्हणजे गिट्टीखदानच्या मुलीला न्याय देणाऱ्यांपैकीच एक. देसाईगंजचा ‘चौदा ते सोळा’ पन्नास वर्षांनी ‘अठरा ते वीस’ होऊन पुन्हा न्यायालयात उभा राहिला, एवढाच फरक.

अपिलाच्या काळात पीडित कुटुंबाची स्थिती काय असते याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मेहकर तालुक्यातील शेतमजूर बाप निकाल लागला त्या दिवशी घरी जातो तो खटला संपला अशा समजुतीने. नागपुरात अपील दाखल झाले, शिक्षेला स्थगिती मिळाली, आरोपी जामिनावर सुटून गावात परत आला, हे त्याला कळते ते बाजारच्या दिवशी. मुंबई उच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी अर्जुन माळगे प्रकरणी, पॉक्सोच्या कामकाजाची आणि विशेषतः जामीनअर्जाची सूचना बालकाच्या कुटुंबाला पोचलीच पाहिजे, असे निर्देश दिले; त्यांचे पालन किती कसोशीने होते ते बजावणीच्या शिपायावर अवलंबून आहे. २००९ च्या अखेरीपासून पीडितालाही स्वतः अपील करण्याचा हक्क आहे: आरोपी सुटला, कमी कलमाखाली दोषी ठरला अथवा भरपाई अपुरी मिळाली तर. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

राहिली एक विनंती, आणि ती न्यायाधीशांना नव्हे, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतील ग्रामसेवकांना आणि पहिलीच्या वर्गात नावे घालणाऱ्या गुरुजींना आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तोच दाखला शाळाप्रवेशासह सर्व कामांना प्रमाण आहे. पुढच्या जूनमध्ये रजिस्टर उघडाल तेव्हा पालकाकडून तो दाखला मागून घ्या, त्याचा क्रमांक तारखेसमोर लिहा, आणि दाखला नसेल तर १ जून न लिहिता पालकाला ग्रामपंचायतीत पाठवा.